पैसा कुणाचा, हिशेब कुणाकडे

19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला एक निवेदन दिले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची पहिली ठाम मागणी म्हणून आपण त्याची आठवण काढतो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या निवेदनाचा कणा हिशेबाचा आहे. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा सरकारी खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे फुल्यांनी आधी मांडले. मग त्यावरून सूचना केल्या: निदान 12 वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, आणि शिक्षक शक्यतो शेती कसणाऱ्या जातींतून घ्या, ज्यांना नांगर किंवा वाकस हातात धरायला संकोच वाटत नाही असे.

यातले किती कधी झाले? गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. देशपातळीवर मुलांना कायद्याने तो हक्क मिळायला 1 एप्रिल 2010 हा दिवस उजाडावा लागला. निवेदनानंतर 127 वर्षांहून अधिक काळाने.

सरकारबाहेरच्या माणसांनी मांडलेल्या न्याय्य धोरणाच्या प्रस्तावांचा महाराष्ट्रातला इतिहास असा लांबलचक आहे. 1876-77 च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीची जमीनदारी नष्ट करण्याचे विधेयक आणले, आणि पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. ते विधेयक पुढे गेले नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या कायद्याने. या सगळ्या प्रस्तावांकडे एकत्र पाहिले की मला दोन प्रश्न सारखे दिसतात. प्रस्ताव मांडणाऱ्याने पैसा कुणाकडून येणार हे सांगितले होते का? आणि कायदा झाल्यावर त्याचा हिशेब तपासण्याचा हक्क ज्यांच्यासाठी तो होता त्यांच्या हाती राहिला का? पहिल्याचे उत्तर ज्यांनी दिले त्यांचे प्रस्ताव कायद्यापर्यंत पोचले. दुसऱ्याचे उत्तर जिथे दिले गेले नाही तिथे कायदा पुस्तकात राहिला आणि आतून पोकळ झाला.

याचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात शिकण्यासारखा दाखला रोजगार हमीचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचे गाव तासगाव तालुक्यातले विसापूर. 1960 च्या दशकाच्या मध्यात तिथे एक छोटा प्रयोग झाला: जो काम मागेल त्याला गावातच काम. पागे स्वतः सत्ताधारी पक्षाचे होते, पण कल्पना मंत्रालयातून निघालेली नव्हती. कोरडवाहू भागातल्या मजुराच्या हाताला वर्षातले कित्येक महिने काम नसते, या रोजच्या अनुभवातून ती आली होती. त्याच सुमारास पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास करत होते. 1971 साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनीही तेच सांगितले: ग्रामीण गरिबांसाठी सार्वजनिक कामे काढा आणि त्यांचा खर्च सुस्थितीतल्या वर्गाकडून वसूल करा.

मग 1972 चा दुष्काळ आला. खडी फोडण्याच्या, नालाबांधाच्या, पाझर तलावाच्या कामांवर माणसांची रीघ लागली. 1973 च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या 50 लाखांच्या घरात गेली होती. सुकडी खाऊन उन्हात खडी फोडलेली ती पिढी अजून गावोगाव आहे. त्या पिढीला उपकार म्हणून काम नको होते. कामावर मजुरी वेळेवर मिळावी, पाणी आणि सावली असावी, तान्ह्या मुलांना ठेवायला जागा असावी, यासाठी मजुरांनी दुष्काळी कामांवरही संप केले, तहसील कचेरीवर मोर्चे नेले. लाल निशाण पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट, शहाद्याची श्रमिक संघटना, शेतमजुरांच्या युनियन या सगळ्यांनी त्या काळात हीच मागणी धरून ठेवली. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या ते याच वर्षांत. दुष्काळ संपला तरी कामाचा हक्क संपू नये, हा आग्रह या चळवळींचा होता.

पैशाचे उत्तर 1975 साली मिळाले. महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला. पगारदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्याकडून तो घ्यायचा, तो रोजगार हमीसाठी वापरायचा, आणि त्याइतकीच भर राज्य सरकारने घालायची. सोबत मोटारगाड्यांवरच्या कराचा, विक्रीकराचा अधिभार आणि बागायती जमिनीवरचा विशेष करही होता. शहरातल्या माणसाने खेड्यातल्या माणसाच्या कामासाठी कायद्याने पैसे द्यायचे, असे देशात याआधी कुठे झाले नव्हते. आजही महाराष्ट्रातल्या पगारदाराच्या पगारपत्रकात महिन्याला 200 रुपये, आणि फेब्रुवारीत 300, अशी वर्षाला 2500 रुपयांची कपात दिसते. ती कशासाठी सुरू झाली हे आज किती जणांना माहीत असेल? दुसऱ्याच्या पोटासाठी आपण दिलेला तो वाटा आहे, आणि त्याचा अभिमान वाटायला हवा.

रोजगार हमीचा कायदा 1977 साली विधिमंडळाने मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम, नाही दिले तर बेकारी भत्ता. मजुरी पुरुषाला आणि बाईला सारखी. गोखले संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी 1980 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आणि पुढच्या अनेक अभ्यासांत दिसले की या कामांवर बायका फार मोठ्या संख्येने येतात. आपल्याच गावाजवळ, मुकादमाच्या किंवा बागायतदाराच्या मर्जीवर न राहता, स्वतःच्या नावावर मिळणारी मजुरी ही त्यांच्यासाठी केवळ रकमेची गोष्ट नव्हती. शेतावरच्या मजुरीचे दर वाढवून मागायला त्यांना त्यातून बळ मिळाले.

आणि मग ही योजना आतून कशी झिजली तेही सांगायला हवे. 1988 साली किमान वेतनाच्या निर्णयामुळे रोजगार हमीवरची मजुरी जवळपास दुप्पट झाली. मजुरी वाढली म्हणजे येणारे मजूर वाढणार, खर्च वाढणार, हे उघड होते. प्रत्यक्षात त्यानंतर हजेरी घटली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासून दाखवले की लोकांना काम नको झाले म्हणून हे घडले नाही. मागतील तितकी कामे उघडली गेली नाहीत म्हणून घडले. कायद्यातला एक शब्दही बदलला नव्हता. फक्त गावात काम निघत नव्हते, आणि काम मागितल्याची तारखेची पोच मिळत नव्हती. पोच नाही म्हणजे 15 दिवस कधी संपले हे सिद्ध करता येत नाही, आणि ते सिद्ध झाले नाही तर भत्ताही नाही. एवढ्या मोठ्या हक्काचे दार कागदाच्या एका चिटोऱ्यावाचून बंद होते. कराचा पैसा गोळा होत राहिला, पण तो सगळा मजुरांपर्यंत गेला नाही. खोटी नावे भरलेली मस्टर्स ठिकठिकाणी सापडत राहिली. 1990 च्या सुमारास फळबागांची लागवड रोजगार हमीला जोडली गेली. तिने डोंगराळ आणि कोरडवाहू भागात आंबा-डाळिंबाच्या बागा उभ्या केल्या, ते चांगले झाले, पण भूमिहीनाचा वाटा त्यात कमी होता.

हिशेबाचा प्रश्न सोडवला तो राजस्थानातल्या मजुरांनी. मजदूर किसान शक्ती संघटना 1990 साली तिथे उभी राहिली. दुष्काळी कामांवर पूर्ण मजुरी का मिळत नाही, हे विचारताना त्यांना कळले की उत्तर मस्टरमध्ये आहे आणि मस्टर दाखवत नाहीत. 1994 च्या डिसेंबरमध्ये कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई झाली. कागद मोठ्याने वाचले गेले, आणि ज्यांच्या नावावर पैसे निघाले होते ते लोक समोर उभे राहून सांगू लागले की आम्ही त्या कामावर कधी गेलोच नाही. 1996 साली ब्यावरमध्ये 40 दिवसांचे धरणे झाले. महाराष्ट्रात अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनांनंतर 2002 चा माहिती अधिकार कायदा आला आणि 2005 साली तो देशाचा झाला. त्याच वर्षी ग्रामीण रोजगार हमीही देशाची झाली. 2 फेब्रुवारी 2006 रोजी तिची अंमलबजावणी 200 जिल्ह्यांत सुरू झाली, 2008 पर्यंत ती सगळीकडे पोचली. महाराष्ट्राच्या कायद्यात जे नव्हते ते या कायद्यात आले: ग्रामसभेने करायच्या सामाजिक अंकेक्षणाचा हक्क. महाराष्ट्राच्या कायद्यात होते ते मात्र कमी झाले. आपल्याकडे दिवसांची मर्यादा नव्हती, केंद्राने कुटुंबाला 100 दिवस ठरवले. त्यापुढच्या दिवसांचा भार आपल्या राज्याने स्वतःवर घेतला, हे इथल्या चळवळींचे श्रेय आहे.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस 125 झाले आहेत. पण आजवर मजुरीचा सगळा खर्च केंद्र उचलत होते, तो आता बहुतेक राज्यांसाठी 60 आणि 40 असा वाटला जाणार आहे. कुठल्या राज्याला किती निधी हे केंद्र आधी ठरवणार आहे. पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून 60 दिवस कामे बंद ठेवण्याचीही तरतूद आहे. माझे मत स्पष्ट आहे. निधी आधी ठरला आणि मागणी नंतर आली, तर हमी उरत नाही, तो वाटप कार्यक्रम होतो. कायद्याला हात न लावता कामे कमी उघडून काय होते, हे महाराष्ट्राने 1988 नंतर पाहिले आहे. इथे तर ती वाट कायद्यातच लिहिली गेली आहे.

रोजगार हमीच्या आधी महाराष्ट्राच्या कष्टकऱ्यांनी आणखी एक असा कायदा मिळवला होता, आणि पैशाच्या बाबतीत तो अधिक पक्का ठरला. मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांमध्ये ओझी वाहणाऱ्या माथाड्यांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी 1950 च्या दशकातच हमाल पंचायत उभी केली. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका दुकानाची पोती, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याच्या ट्रकमधली. मग भविष्यनिर्वाह निधी कुणी भरायचा, आजारपणाची रजा कुणी द्यायची? 1969 च्या माथाडी कायद्याने याचे उत्तर दिले. मालक, हमाल आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ स्थापन करायचे. प्रत्येक मालकाने कामाची मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळाने हमालाला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, सुट्टीचा पगार, दवाखाना चालवायचा. सरकारी अनुदानावर ही व्यवस्था उभी नाही, म्हणून अर्थसंकल्पात हात आखडला तरी ती चालते. ज्याची पाठ वाकते त्याने वाहिलेल्या मालाच्या किमतीतूनच त्याचे म्हातारपण सांभाळले जाते. माझ्या दृष्टीने स्वतंत्र भारतातल्या कामगार कायद्यांमध्ये ही सर्वात बुद्धिमान रचना आहे, आणि ती शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

तीही अबाधित नाही. कायदा लागू असूनही मोठमोठ्या बाजारपेठांबाहेरच्या असंख्य गोदामांत आणि कारखान्यांत मालक नोंदणी करत नाहीत. माथाडीच्या नावावर खंडणी गोळा करणाऱ्या टोळ्यांची तक्रार खरी आहे. ती पुढे करून 2023 साली दुरुस्ती विधेयक आले तेव्हा हमाल-माथाडी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण गुंडांबरोबर मंडळेही मोडली जातील ही भीती त्यांना होती. खोट्या माथाडीवर उपाय आहे तो मंडळाची नोंद आणि हजेरी उघडी ठेवण्याचा.

या रचनेची आज पुन्हा गरज पडते आहे. मोबाइलवरून मागवलेले जेवण पाठीवरच्या पेटीतून आणणाऱ्या मुलालाही एक मालक नाही, दिवसाला वीस दारे आहेत. राजस्थानने 2023 साली अशा गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला: कंपनीने प्रत्येक व्यवहारावर ठरावीक शुल्क भरायचे, त्यातून कल्याण निधी उभा करायचा, त्रिपक्षीय मंडळाने तो चालवायचा. तत्त्व माथाडी मंडळाचेच आहे. सत्ताबदलानंतर तिथली अंमलबजावणी रेंगाळली, कर्नाटकाने 2025 मध्ये आपला कायदा केला. ज्या राज्यात ही कल्पना जन्मली त्या महाराष्ट्राने यात पुढे असायला हवे होते.

ऊसतोड कामगारांची गोष्ट याच पठडीतली, पण जास्त कडू. बीड, नगर, जालना, परभणीतून दर हंगामात लाखो माणसे मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. खाडा झाला तर दंड. पाळीच्या त्रासात कामाला सुट्टी नाही. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढून टाकलेल्या तरुण बायकांची संख्या किती आहे हे 2019 साली बाहेर आले तेव्हा राज्य हादरले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार महामंडळ उभे राहिले आणि त्यासाठी गाळपाच्या टनामागे 10 रुपये कारखान्यांनी व तेवढेच सरकारने द्यायचे ठरले. पैशाचा स्रोत ठरला, हे मोठे पाऊल आहे. पण कामगार महिलांच्या संघटना कित्येक वर्षे जे मागत आहेत ते अजून झालेले नाही: कारखान्याला मालक म्हणून कायद्याने जबाबदार धरणे, मुकादमाशी नव्हे तर कारखान्याशी करार, आणि बाईच्या नावावर तिची मजुरी. नोंदच जोडीची होत असेल तर हिशेब बाईच्या हाती येणार कसा?

पाण्याच्या बाबतीत लोकांनी केलेले प्रस्ताव मला सगळ्यात धाडसी वाटतात, कारण त्यांनी जमिनीच्या मालकीलाच प्रश्न विचारला. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची पडीक जमीन कसायला घेऊन पाणी अडवण्याचे प्रयोग केले. त्यातून पाणी पंचायत जन्मली. तिचे नियम थोडके होते. पाणी माणशी मिळेल, जमिनीप्रमाणे नाही: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर भिजेल इतके. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींनी भरायचा. सिंचनाचे अनुदान मागणाऱ्या गावांच्या राज्यात, पाणी हे सगळ्यांचे आहे आणि वाटप गावाने ठरवायचे, असे लिहून दाखवणे साधे नव्हते.

1980 च्या दशकात सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने त्याहून पुढचे पाऊल टाकले. येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ती वाळू स्वतः थोड्या प्रमाणात विकण्याचा हक्क मिळवला, त्या पैशातून बळीराजा धरण बांधायला घेतले, आणि पाणी गावातल्या प्रत्येक कुटुंबाला समान मिळेल असा ठराव केला. अभियंता के. आर. दाते यांनी आराखडा दिला, भारत पाटणकर यांच्यासारखे कार्यकर्ते बरोबर होते. पुढे आटपाडीपासून सुरू झालेल्या पाणी संघर्षात नागनाथअण्णा नायकवडींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकऱ्यांनी कृष्णेच्या पाण्याचे समन्यायी वाटप मागितले. टेंभू, ताकारीसारख्या उपसा योजना दुष्काळी तालुक्यांपर्यंत पोचल्या, त्यामागे त्या संघर्षाचा रेटा आहे.

पण वाटपाचे तत्त्व राज्याच्या कायद्यात आले का? 2005 साली शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांचा कायदा आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, दोन्ही झाले. शेतकऱ्यांना घनमापाने पाणी आणि ते वाटण्याचा अधिकार मिळाला, त्याचे स्वागत करायला हवे. पाण्याचा हक्क मात्र लाभक्षेत्रातल्या जमिनीलाच चिकटलेला राहिला. भूमिहीन बाई त्या संस्थेची सभासद होऊ शकत नाही. पाणी पंचायतीच्या अनेक योजनाही काळाच्या ओघात बंद पडल्या, आणि जिथे कालवा आला तिथे ऊस आला. साळुंख्यांच्या नियमांना कायद्याचे पाठबळ मिळाले असते तर चित्र वेगळे असते, असे मला ठामपणे वाटते.

जंगलाच्या हक्कात एका गावाने ते पाठबळ मिळवले. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावाने अभ्यासगट चालवला, प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने घेण्याची सवय लावली, आणि ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे जाहीर केले. 2006 चा वनहक्क कायदा आल्यावर 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर मेंढाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याकडेच होता. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवान्याचे पुस्तक ग्रामसभेला मिळाले, तेव्हा कागदावरचा हक्क खरा झाला. त्यानंतर विदर्भातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा लिलाव स्वतः करू लागल्या. आलेले पैसे, दिलेली मजुरी, उरलेली शिल्लक ग्रामसभेत वाचली जाते. रोजगार हमीत राहिलेली उणीव इथे सुरुवातीपासून भरून काढली गेली.

शहरांची कथा थोडक्यात सांगता येते, कारण ती थोडीच आहे. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायका महानगरपालिकेचा कचरा वाहून नेण्याचा खर्च किती वाचवतात, हे त्यांनी मोजून दाखवले आणि महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रेही मिळवली. 2008 साली त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला: घरोघरी जाऊन कचरा घ्यायचा, घरमालकाने थोडे शुल्क द्यायचे, सुका कचरा विकून आलेले पैसे वेचकांचे. माथाडीसारखीच इथेही पैशाची वाट सेवा घेणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे सरळ जाते. प्रत्येक वेळी करार संपताना ठेकेदाराला काम देण्याची चर्चा सुरू होते आणि त्या बायकांना पुन्हा रस्त्यावर यावे लागते. शहराच्या खर्चाबाबतही एक प्रयोग आहे: 2006 पासून पुणे महापालिका अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून कामे मागवते. कल्पना ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरातली, 1989 पासूनची. केरळने 1996 च्या लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या योजना निधीतला एक तृतीयांशाहून जास्त भाग स्थानिक संस्थांना देऊन त्या वाटेवर खूप मोठी मजल मारली. पुण्यात लोक बाक, पदपथ, दिवे सुचवतात. ते हवेच आहेत. पण शहराचा मोठा पैसा पुलांवर जाणार की बससेवेवर, यावर बोलायला तिथे जागाच नाही, आणि सुचवलेल्या कामाचे पुढे काय झाले हे कळवण्याची सक्तीही नाही.

आरोग्यात मात्र महाराष्ट्राने एक चांगली पद्धत जोपासली. 2007 पासून जन आरोग्य अभियानातल्या संस्थांच्या पुढाकाराने सरकारी दवाखान्यांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरी प्राथमिक आरोग्य केंद्राला गुण देतात, औषधे होती का, डॉक्टर हजर होते का, पैसे मागितले का, हे नोंदवतात आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवतात. जिथे ती नियमित झाली तिथे सेवा सुधारल्या. ती कधीही राज्यभर सक्तीची झाली नाही, निधी थांबला की थांबते.

बायकांच्या मालमत्तेचा प्रश्न शेतकरी संघटनेने 1986 च्या नोव्हेंबरमध्ये चांदवडला भरलेल्या महिला अधिवेशनानंतर घराघरात नेला. शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली तेव्हा शेकडो गावांत नवऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. कायद्याची वाट न पाहता लोकांनी स्वतःच्या सातबाऱ्यापासून सुरुवात केली, म्हणून मला ही मोहीम फार मोलाची वाटते. 1994 साली राज्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा देणारी दुरुस्ती केली, देशाने ती 2005 मध्ये केली. 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींनी तो आदर्श घ्यावा असे परिपत्रक काढले. ठराव करणे सोपे होते, पाळणे अवघड आहे. पण एका गावाने लिहिलेला कागद इतक्या लवकर सरकारी धोरणात उतरल्याचे उदाहरण दुसरे मला आठवत नाही.

आज पुढे असलेले प्रस्ताव असे आहेत: ऊसतोड बाईची स्वतंत्र नोंद, गिग कामगारांसाठी लेव्हीचे मंडळ, भूमिहीनाला पाण्याचा वाटा, दवाखान्यांवर कायमची लोकदेखरेख, आणि नव्या कायद्यातही मागेल त्याला काम ही हमी टिकवणे. वाचकांना एक विनंती. महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते. पुढच्या ग्रामसभेला जा, काम मागण्याच्या अर्जाची तारखेची पोच गावात किती जणांना मिळाली ते विचारा, आणि मस्टर सगळ्यांसमोर वाचून दाखवायला सांगा. शहरात राहत असाल तर तुमच्या प्रभागात गेल्या वर्षी नागरिकांनी सुचवलेल्या कामांपैकी किती झाली, याची यादी महापालिकेकडे लेखी मागा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. तो कायदा मजुरांनी 40 दिवस रस्त्यावर बसून आपल्यासाठी मिळवला आहे.